मांजरपाटाचं घर

मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगतो. एकतीस वर्षं मी कपडे शिवतोय. रस्त्याच्या पलीकडून चालणाऱ्या माणसाची कंबर मी दुकानात बसून सांगतो, आणि तो पोट आत ओढून चालत असेल तर तेही सांगतो. त्यामुळे स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा कुणाकडून काढून घ्यायचा, हा प्रश्नच माझ्यापुढे नव्हता. घर म्हणजे तरी काय? सगळ्या कुटुंबाने मिळून घालायचा एक कपडा. जरा जाड कापडाचा, एवढंच.

हे वाक्य मी त्या काळात भेटेल त्याला ऐकवत होतो. न्हाव्याला ऐकवलं, दूधवाल्याला ऐकवलं, आणि बायकोला तर इतक्यांदा ऐकवलं की मी "घर म्हणजे" म्हटलं की ती "हो, जाड कापडाचा" म्हणून मोकळी व्हायची.

आम्ही घरात तीन माणसं. मी, आमची ही, आणि माझी थोरली बहीण आक्का. सव्वीस वर्षं आम्ही दुकानामागच्या दोन खोल्यांत काढली. पुढे उजेडात माझं मशीन. मागच्या खोलीत बसून ही काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. आक्का तिच्या शेजारी खुर्चीत बसून दोघांच्याही कामातल्या चुका काढायची. आता गावाच्या टोकाला चाळीस बाय तीसची मोकळी जागा आमची झाली होती, आणि आयुष्यात एकदाच शिवायचा हा कपडा बिघडवून चालणार नव्हता.

म्हणून मी नकाशा कापला. काढला नाही, कापला. खाकी कागदावर एका फुटाला एक इंच धरून प्रत्येक खोलीचा वेगळा तुकडा केला. बैठकीची खोली, दोन निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कापडाचे तागे ठेवायला एक कोठी. मग सगळे तुकडे टेबलावर एकमेकांना भिडवून टाचण्या लावल्या. कुठे फट नाही, कुठे चिंधी उरली नाही. एका खोलीतून दुसरीत जायला पाच दारं होती, ती मी कात्रीने कापून त्यांच्या कडांना लाल खडू लावला. मी लांब उभा राहून ते घर पाहिलं आणि माझे मलाच डोळे भरून आले.

बांधकामासाठी एक बाई चांगल्या आहेत, असं लोखंडी सामानाच्या दुकानदाराने सांगितलं होतं. बाई कंत्राटदार, म्हणून मी जरा कचरलो. तो म्हणाला, "मास्तर, त्यांना सगळे ओळंबाबाई म्हणतात. ओळंब्याने भिंत सरळ आहे की नाही ते कळतं. बाई आल्या की ओळंबाच सरळ आहे की नाही ते कळतं."

ओळंबाबाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, काटक अंग, कानावर पेन्सिल. अंगात बाह्या दुमडलेला पुरुषी शर्ट, तोही दोन नंबरांनी मोठा. ज्या माणसाला शर्टाचं माप कळत नाही त्याला घराचं काय कळणार, असा विचार माझ्या मनात येऊन गेला हे कबूल करतो. त्यांनी पाणी घेतलं, आक्काच्या गुडघ्यांची चौकशी केली, हिच्या हातातलं काज दोन मिनिटं पाहत राहिल्या, आणि मग टेबलावरच्या कागदाकडे वळल्या. तुकड्यांच्या कडांवरून बोट फिरवत गेल्या.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "भिंती कुठे आहेत?"

"या काय. जिथे तुकडा तुकड्याला मिळतो तिथे."

"म्हणजे ही टाचणी."

"टाचणी नव्हे हो, ती रेघ. ती भिंत."

"ही रेघ नऊ इंचांची होणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापडाला शिलाईसाठी माया सोडता ना? भिंतीलाही माया सोडावी लागते."

हे त्या आमच्या हिच्यासमोर म्हणाल्या. आक्कासमोर म्हणाल्या. एकतीस वर्षांत माया सोडायला विसरलो असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मला झोंबलं, आणि झोंबलं की मी बोलतो. मी म्हणालो की मापं मला कळतात, नऊ इंच इकडचे तिकडे होतील, अंगावर घातल्यावर सगळं बसतं. बाईंनी बोट कागदाच्या कडेवर ठेवलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तोवर मी पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मी त्याच्याही पुढच्या मुद्द्यावर होतो. तिसऱ्यांदा त्यांनी उघडलं नाही.

"आणि आमच्याकडे ट्रायल घेतल्याशिवाय कपडा देत नाहीत," मी शेवटचा हातोडा मारला. "घराचीही ट्रायल घेऊ. खऱ्या मापाची. भिंतींच्या जागी कापड लावू, आत राहून बघू. चुकलं असेल तर दिसेलच."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चांगली कल्पना आहे. काठ्या मी रोवून देते. रविवारी घ्या ट्रायल. सोमवारी पाया खणायचा आहे."

त्या घाबरल्या, असा मी अर्थ काढला.

त्या आठवड्यात दुकानात दुसरं काम झालं नाही. हेडमास्तरांचा कोट एका बाहीचा राहिला. पोस्टमनची पँट आखूड करायची होती, ती लांबच राहिली. मी मांजरपाटाचे तागे उलगडून भिंती शिवत होतो. सात फूट उंचीच्या भिंती, वर दोरी ओवायला नेफा, खाली वजनाला दुहेरी पट्टी. पाचही दारांना पडदे, पडद्यांना लाल गोट. हिने एकही प्रश्न न विचारता मैलभर तुरपाई केली. एकदाच सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "अहो, मला खिडकीचं एक विचारायचं होतं."

"ट्रायलला विचार," मी म्हणालो. "सगळ्या शंका ट्रायलला."

रविवारी सकाळी आम्ही जागेवर गेलो. बाईंच्या माणसांनी काठ्या अशा ताठ रोवल्या होत्या की त्या तिथेच उगवल्या असाव्यात असं वाटलं. तासाभरात कापड चढलं. काय दिसत होतं ते घर. पांढरंशुभ्र, चारी बाजूंनी ताणलेलं, कोपरे इस्त्री केल्यासारखे. वाऱ्याची झुळूक आली की सगळं घर मोठा श्वास घ्यायचं आणि सोडायचं. मी कोपऱ्यातलं कापड खालून उचलून धरलं आणि म्हणालो, "या." ही वाकून आत गेली. आक्का माझ्या खांद्याला धरून, गुडघ्यांना शिव्या देत आत गेली. मागून मी गेलो आणि कापड सोडून दिलं.

आत दुधासारखा उजेड होता. आम्ही तिघंही हळू आवाजात बोलायला लागलो. मी एकेक पडदा सारून खोल्या दाखवल्या. इथे आपण बसणार, इथे आक्काचा पलंग, इथे शेगडी. आक्काने खुर्ची नेली होती ती तिच्या खोलीत ठेवून बसली आणि चक्क काही चूक काढली नाही. ही बैठकीच्या मध्यभागी उभी राहून सगळीकडे पाहत होती. सव्वीस वर्षांत तिला मी हात पसरून उभी राहिलेली पाहिली नव्हती. तिने एकदा दोन्ही हात पसरले, कुणी पाहतंय का ते बघितलं, आणि मिटले.

मला बाईंना बोलावून हे दाखवायचं होतं. त्या रस्त्याच्या कडेला विटांच्या ढिगावर बसल्या होत्या. मी आतूनच हाक मारली, "बाई, बघा, कुठे अडतंय का?"

एवढ्यात कापडावर एक सावली दिसली. माणसाची, डोक्यावर टोपी, हातात पुडकं. सावली बैठकीच्या भिंतीवरून डावीकडे गेली, कोपऱ्यात दुमडली, आक्काच्या खोलीवरून पुढे सरकली, स्वयंपाकघरावर आली, न्हाणीघर ओलांडून पुन्हा बैठकीत आली. तिथे जरा थांबली. मग पुन्हा डावीकडे निघाली.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी पोस्टमन," सावली म्हणाली. "मास्तर, दुकान बंद दिसलं म्हणून इकडे आलो. पँट झाली का? आणि कालचं एक पार्सल राहिलंय, सही लागेल."

"मग या ना आत."

"येतो," सावली म्हणाली आणि तिसरी फेरी मारायला लागली. पोस्टमन फार सभ्य माणूस. लोकांच्या घराला हात लावायचा नाही, दारातून हाक मारायची, हा त्याचा नियम. तिसरी फेरी संपवून तो पुन्हा समोर आला आणि ओशाळून म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पण आत यायचं कुठून?"

"कुठून म्हणजे? दारातून."

"हो," तो म्हणाला. "कुठल्या?"

मी बैठकीतून स्वयंपाकघरात गेलो. दार होतं. स्वयंपाकघरातून कोठीत गेलो. दार होतं. तिथून परत आलो, दोन्ही निजायच्या खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं. पाच दारं, पाच लाल गोट. घरातल्या घरात माणूस कुठूनही कुठेही जाऊ शकत होता. फक्त घरात येऊ शकत नव्हता, आणि एकदा आला तर जाऊ शकत नव्हता. कागदाचे तुकडे मी एकमेकांना जोडले होते. त्यांच्या पलीकडे टेबल होतं. टेबलावर जायला दार कशाला लागतं?

"अरे शहाण्या," आक्का पडद्याआडून म्हणाली, "सदऱ्याला गळा ठेवायला विसरलास."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बाहेर पोस्टमन उभा, त्याच्यामागे दोन सावल्या आणखी आल्या होत्या, त्यातली एक विचारत होती, "कापडाचा सेल आहे का?" आणि दुसरी म्हणत होती, "नाही, खेळ दिसतोय, तिकीट कुठे मिळतं ते बघ." माझ्या खिशात कात्री असतेच. मी ती काढली आणि म्हणालो, "दार काय, आत्ता करतो." माझ्या आवाजामागे आलेली पोस्टमनची सावली जिथे उभी होती तिथे मी वरून खाली सपकन कापड फाडलं.

घाईत लक्षातच आलं नाही की मी न्हाणीघरात उभा होतो. पोस्टमन टोपी काढून न्हाणीघरात शिरला. नेमकी आक्का माझं काय चाललंय ते बघायला दुसऱ्या बाजूच्या पडद्यातून आत आली. तिघं त्या एवढ्याशा जागेत नाकाला नाक लावून उभे राहिलो.

"नमस्कार आक्का," पोस्टमन म्हणाला.

"न्हाणीघरातून पाहुणे," आक्का म्हणाली. "पुढे कुठून येणार आहेत?"

"चुकीच्या भिंतीत झालं," मी म्हणालो, "थांबा," आणि बैठकीच्या खोलीत धावलो. तिथे दुसरं दार फाडलं. ते फाडताना नेफ्यातली दोरी कापली गेली. ती दोरी एकाच भिंतीची असायला हवी होती. पण गाठी नकोत, सफाई हवी, म्हणून मी सगळ्या घरातून एकच अखंड दोरी ओवली होती. ती कापल्याबरोबर समोरची भिंत खाली बसली. मग बाजूची. मग काठ्यांना न जुमानता वारा आत शिरला आणि सबंध घर एका क्षणात आमच्या अंगावर आलं. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो खेळच असावा याची त्यांची खात्री पटली होती.

कापडाखाली अंधारात मी बसून होतो. माझ्या पायाशी पोस्टमन अजूनही पार्सल सांभाळून म्हणत होता, "मास्तर, सही नंतर केली तरी चालेल." आक्का कुठेतरी जवळच होती, कारण सल्ले ऐकू येत होते. हिचा आवाज मात्र येत नव्हता. मला वाटलं, ही रडतेय. सव्वीस वर्षांनी हात पसरायला जागा मिळाली, आणि नवऱ्याने तीही फाडली. मला माझ्या कात्रीची पहिल्यांदा लाज वाटली.

कापड वर उचललं गेलं. बाईंनी उचललं होतं. त्यांनी आधी आक्काला हाताला धरून खुर्चीत बसवलं, मग पोस्टमनला बाहेर काढला, शेवटी मला. ही रडत नव्हती. पदराने तोंड दाबून इतकी हसत होती की तिला उभं राहता येत नव्हतं.

बाईंनी लोकांना पांगवलं. मी विटांच्या ढिगावर जाऊन बसलो. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"तुम्हाला दाराचं आधीच दिसलं होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पाऊस पडत होता म्हणून थांबले, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते मी सगळं पाहिलं, पण कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाई उठल्या आणि हिच्याजवळ गेल्या. हिला विचारलं, "ताई, सकाळी उठल्यावर तुम्ही आधी कुठे जाता?"

मला वाटलं ही म्हणेल, त्यांना विचारा. ती म्हणाली, "उजेड जिथून येतो तिथे." आणि मग ती बोलायला लागली. कुठल्या वेळी सुईत दोरा ओवायला त्रास होतो. आक्का रात्री उठते तेव्हा तिला किती पावलं कमी पडली तर बरं. भाजी चिरताना दारात कोण आलं ते दिसलं पाहिजे, कारण यांना गिऱ्हाइकाची चाहूल लागत नाही. ती बोलत होती आणि बाई चालत होत्या. एवढ्या पावलांवर थांबायच्या, टाचेने मातीत खूण करायच्या, आणि मागून त्यांची माणसं कोरड्याच विटा मांडत जायची. विटेशेजारी वीट, नऊ इंचांची भिंत, एकच थर. टेप त्यांनी काढलाच नाही. मी न राहवून माझा काढला आणि आक्काच्या खोलीची खूण मोजली. अकरा फूट. दुसरी बाजू मोजली. अकरा फूट. मी टेप खिशात ठेवून दिला.

माझ्या नकाशातल्या न्हाणीघराच्या जागेवरही त्यांनी विटा मांडून दाखवल्या. आक्का आत उभी राहिली तर दोन्ही कोपरं भिंतींना टेकली. "यात अंघोळ करायची तर आधी वजन कमी करायला लागेल," ती म्हणाली आणि बाहेर आली. माझी माया कुठे गेली ते तेव्हा मला दिसलं.

दुपारी तीनच्या सुमाराला बाईंनी हिला तिच्या कामाच्या बुटक्या स्टुलावर उघड्या मातीत बसवलं. हातात सुई आणि कापड दिलं आणि म्हणाल्या, "काज करा." ही करायला लागली. बाई तिच्याभोवती फिरल्या, खाली वाकल्या, हिच्या मांडीवर पडलेल्या उजेडाकडे पाहिलं, मग सकाळचं ऊन येणाऱ्या बाजूकडे पाहिलं, स्टूल दोन हात सरकवलं, पुन्हा पाहिलं. मग हिच्या समोर, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर हाताने हवेत एक रेघ ओढली. "खिडकी इथून सुरू होणार," त्या म्हणाल्या. त्यांच्या गवंड्याने सांगितलं की खिडकी तीन फुटांवर घेतात. बाई म्हणाल्या, "उभ्या माणसाची घेतात. या बसतात."

मी एकतीस वर्षं माणसांची मापं घेतली. उभं करून घेतली. बसलेल्या माणसाचं माप घ्यावं असं मला कधी सुचलं नाही, आणि ते माणूस माझ्या पाठीमागे सव्वीस वर्षं बसलं होतं.

सोमवारी पाया खणला. पुढचे महिने मी रोज दुकान बंद करून तिकडे जाऊन उभा राहायचो आणि नुसता बघायचो. भिंत वर येताना बघायचो. बाई ओळंबा सोडायच्या, पितळेचं ते वजन डुलत डुलत थांबायचं, आणि त्याच्यासोबत तिथली सगळी माणसं थांबायची. एकदा त्यांनी छातीएवढी चढलेली भिंत लांबून पाहिली आणि "वरचे दोन थर काढा" म्हणाल्या. गवंड्याने ओळंबा लावला. सुतळीच्या जाडीएवढा फरक निघाला. मी विचारलं, "बाई, हे दिसतं कसं?" त्यांनी हातावरची माती झटकली. "तुम्हाला माझा शर्ट दिसतो ना, तसं," म्हणाल्या. म्हणजे त्यांना तेही कळलं होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना दोन शर्ट शिवून दिले. माप विचारलं नाही, पण ट्रायल मात्र घेतली.

आता आम्ही तिथे राहतो. पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा ही खिडकीशी बसली होती. उजेड बरोब्बर तिच्या मांडीवर होता, एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. तिच्या हातात काम नव्हतं. ती नुसतीच बसली होती. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग मोजकेच.

बाई कधीकधी नव्या गिऱ्हाइकांना आमचं घर दाखवायला घेऊन येतात. परवा एक जोडपं आलं होतं. त्यातल्या गृहस्थाला सगळं आवडलं, पण तो त्या खिडकीशी येऊन खिळलाच. खाली वाकून बघितलं, बाहेर बघितलं, कठड्यावरून हात फिरवला. "इतकी खाली खिडकी मी कुठे पाहिली नाही," तो म्हणाला. "हे डोकं कुणाचं?"

"घरमालकांचं," बाई म्हणाल्या आणि माझ्या दिशेने हात केला.

सगळे माझ्याकडे वळले. आता बाईच म्हणतायत तर नाही कशाला म्हणा, असं मला वाटलं. मी उठलो, सदरा नीट केला, आणि घसा साफ करून सुरुवात केली, "त्याचं असं आहे..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गृहस्थ माझ्याकडे बघत नाहीयेत, माझ्या खांद्यावरून बघतायत. मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती, आणि बाईंचा हात तिच्याकडे होता.

उठलोच होतो, तर सगळ्यांसाठी पाणी घेऊन आलो.